सेल्फ लागतो, पण इंजिन पेट घेत नाही: स्पोर्ट्स कारमधला दोष कसा शोधावा

चावी फिरवली की सेल्फ लागतो, इंजिन फिरताना ऐकू येते, पण ते काही केल्या पेट घेत नाही, ही वेळ स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येते. अशा वेळी पहिली चूक होते ती घाईची. एक जण सांगतो की फ्युएल पंप गेला असेल, दुसरा सांगतो की ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदलून बघा, आणि दोन दिवसांत बरेच चांगले भाग काढून टाकले जातात. गाडी मात्र होती तिथेच उभी असते. पेट्रोल इंजिनाला सुरू होण्यासाठी योग्य प्रमाणात इंधन, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब, लागते, आणि आधुनिक गाडीत याला ईसीयूच्या, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या, परवानगीची जोड लागते. यांपैकी नेमके काय मिळत नाही हे ठरल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. ते ठरवायला एक मल्टिमीटर, एक स्पार्क टेस्टर, एक स्कॅनर आणि चावी फिरवायला मदतीचा एक माणूस एवढे बहुतेक वेळा पुरते.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली म्हणजे ती रोज चालत नाही. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली असते, आणि त्या काळात बॅटरी उतरते, पेट्रोल शिळे होते, जोडांवर गंज चढतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. दुसरी म्हणजे तिचे इंजिन सहज हाताला लागत नाही. ते आसनांच्या मागे किंवा अगदी मागच्या टोकाला असेल, तर साधा स्पार्क प्लग काढण्यासाठीही अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरवताना काय बिघडले असण्याची शक्यता जास्त आहे एवढेच न पाहता, ती गोष्ट तपासायला किती खोलाखोल करावी लागेल हेही पाहावे. बसल्या जागी ज्या खुणा दिसतात आणि ऐकू येतात, त्या आधी गोळा कराव्यात.

कामाला लागण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा, गाडी मोकळ्या हवेत घ्यावी आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टरला किमान अर्धा ते एक मिनिट थंड होऊ द्यावे. वारंवार सेल्फ मारल्याने न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचते आणि इंजिन अचानक पेटले की तिथे जळून तो भाग खराब करू शकते. त्यामुळे केवळ इंजिन फिरवून पाहायचे असेल तेव्हा फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवणे चांगले.

आधी कान, मग डोळे

इंजिन फिरण्याचा आवाज बरेच काही सांगतो. निरोगी इंजिन सेल्फवर साधारण 200 ते 250 आरपीएमने फिरते, आणि प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला की स्टार्टरवर क्षणभर ओझे पडत असल्यामुळे आवाजात एक ठराविक ठेका असतो. हा ठेका मंद आणि ओढल्यासारखा असेल तर बॅटरी, तिच्या केबल किंवा अर्थिंगकडे बघावे. ठेका पूर्णपणे नाहीसा झाला असेल आणि इंजिन नेहमीपेक्षा जलद, एकसुरी गुणगुणत फिरत असेल, तर कॉम्प्रेशन नाही असे समजावे. अशा वेळी टायमिंग बेल्ट किंवा चेन (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारी) तुटली अथवा घसरली असण्याची शक्यता असते, आणि ज्या इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात त्यांत सेल्फ मारणे तिथेच थांबवावे. नुकसान आधीच झालेले असू शकते, पण पुढच्या प्रत्येक प्रयत्नाने ते वाढते. ठेका असमान असेल, म्हणजे दोन-तीन ठोके जड आणि मधला एखादा हलका, तर एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आहे. मात्र एवढ्यामुळे इंजिन सहसा अजिबात सुरू होणार नाही असे होत नाही.

दुसरी खूण वास. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन पोहोचते आहे, आणि दोष ठिणगीत किंवा जास्त झालेल्या पेट्रोलमध्ये शोधावा. वास अजिबात येत नसेल तर इंधनाची बाजू आधी घ्यावी. तिसरी खूण डॅशबोर्डवर असते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित जरी हलला तरी क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरते आहे हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल येत असल्याचा तो चांगला संकेत मानावा. सगळ्याच गाड्यांत काटा इतक्या कमी वेगाला दाद देत नाही, म्हणून तो हलला नाही एवढ्यावरून सेन्सरला दोषी ठरवू नये.

बॅटरी: फिरवते म्हणजे पुरेशी आहे असे नाही

हा मुद्दा मला थोडा विस्ताराने मांडायचा आहे, कारण इथेच सर्वांत जास्त दिशाभूल होते. स्टार्टर फिरतो आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे असे आपण गृहीत धरतो. परंतु स्टार्टर फिरताना भरमसाट करंट ओढून घेतो, व्होल्टेज खाली जाते, आणि इंजिन फिरत असतानाही ईसीयू, इंजेक्टर आणि कॉइल यांना काम करण्याइतका दाब उरत नाही. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलला लावून ठेवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा 10 व्होल्टच्या खाली जात असेल तर बाकी काहीही तपासण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी किंवा दुसरी चांगली बॅटरी जोडून पाहावे.

बॅटरीवर आकडा चांगला आणि इंजिनावर वाईट, असेही होते. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी इंजिनापासून दूर ठेवलेली असते. जुन्या माझ्दा एमएक्स-5 मध्ये ती डिकीत असते, तर पोर्शे 911 मध्ये इंजिन मागे आणि बॅटरी पुढे. मधल्या लांब केबलमधला किंवा अर्थिंगच्या पट्टीतला एखादा गंजलेला जोड पुरेसा ठरतो. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंगमध्ये दोष आहे.

माझ्याकडे एक दोन आसनी गाडी पाच महिने झाकून उभी होती. सेल्फ व्यवस्थित लागत होता, पंपाचा आवाज येत होता, ठिणगी कधी पडायची, कधी नाही. एका गॅरेजने कॉइल बदलल्या, मग क्रँक सेन्सर बदलला, आणि गाडी तशीच परत आली. शेवटी मी गाडीखाली झोपून गिअरबॉक्सपासून चासिसला जाणारी विणलेल्या तारेची अर्थिंग पट्टी पाहिली. वरून ती शाबूत दिसत होती, पण बोटाने दाबताच बोल्टजवळची तार हिरवट भुकटी होऊन गळू लागली; अखंड राहिलेले पाच-सात धागेच सगळा भार वाहत होते. नवी पट्टी लावून बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून घेतल्यावर इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. तेव्हापासून पाच मिनिटांची ही मोजणी मी कधी टाळत नाही.

ईसीयू परवानगी देतो आहे का

चावी ऑन केल्यावर इंजिनाचा चेक लाइट लागला पाहिजे. तो लागलाच नाही तर ईसीयूला वीज मिळत नसण्याची शक्यता मोठी असते, आणि मुख्य रिले (विजेने चालणारा स्विच) व फ्यूज तपासावे लागतात. या एका रिलेने किती गोंधळ घालावा याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पोर्शे 944: तिच्यात एकच रिले ईसीयूला आणि फ्युएल पंपाला वीज देतो, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या आतले सोल्डरचे जोड तडकतात, आणि गाडी सेल्फवर फिरत राहते पण पेटत नाही. म्हणून त्या गाडीचे जाणकार मालक एक जादा रिले कायम गाडीत ठेवतात. इतर गाड्यांतही शेजारचा त्याच क्रमांकाचा रिले अदलाबदल करून पाहणे ही फुकटची तपासणी आहे. फ्यूज मात्र नुसता डोळ्यांनी पाहू नये. त्याच्या दोन्ही टोकांना वीज येते का ते टेस्टरने पाहावे.

चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह चमकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावी ओळखत नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फच लागत नाही, पण बऱ्याच गाड्यांत सेल्फ लागतो आणि ईसीयू इंधन किंवा ठिणगी रोखून धरतो. इंजिन एक-दोन सेकंद पेटून लगेच बंद पडणे ही इमोबिलायझरच्या अडथळ्याची ठळक खूण आहे. दुसरी चावी वापरून पाहावी आणि जुडग्यातल्या इतर गाड्यांच्या चिप असलेल्या चाव्या बाजूला काढाव्यात. गाडीत मागाहून बसवलेला अलार्म असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. असे अलार्म पंपाची किंवा इग्निशनची तार कापून मध्ये रिले जोडून बसवलेले असतात, आणि वीस वर्षांनी तो जोडच दगा देतो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ लोटस एलिसमध्ये, अपघाताच्या वेळी पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. मोठा खड्डा किंवा धक्का बसूनही तो उडू शकतो, आणि त्याची कळ दाबली की काम होते.

यानंतर स्कॅनर जोडावा. अमेरिकेत 1996 पासूनच्या आणि युरोपात 2001 पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-2 चे, म्हणजे स्कॅनर जोडण्याचे प्रमाणित, सॉकेट असते. साठवलेले कोड लिहून घ्यावेत आणि पुसू नयेत. पण कोडपेक्षा मला जिवंत आकडे जास्त उपयोगी वाटतात. सेल्फ मारत असताना स्कॅनरवर 200 च्या आसपास आरपीएम दिसला पाहिजे. इंजिन फिरताना कानांनी ऐकू येते आहे आणि स्कॅनर शून्य दाखवतो आहे, तर ईसीयूच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही, आणि तो ना ठिणगी देणार ना इंधन. दोष क्रँक सेन्सरमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा जोडात आहे. गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू न होणे आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होणे हेही याच सेन्सरचे लक्षण असते. दोन तारांचा सेन्सर असेल तर त्याचा रोध मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडता येतो. तीन तारांचा असेल तर तो बहुधा हॉल प्रकारचा असतो, त्याचा रोध मोजू नये, वीजपुरवठा आणि सिग्नल पाहावा. गाडीचे क्लचचे काम नुकतेच झाले असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळचे जोड आधी पाहावेत. पुन्हा पोर्शे 944 चेच उदाहरण घेतले तर तिथे दोन सेन्सरचे जोड शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे असतात. ते उलटसुलट लागले की गाडी सेल्फवर फिरते, पण सुरू होत नाही.

स्कॅनरवर आणखी एक आकडा पाहावा, तो कूलंटच्या तापमानाचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो बाहेरच्या हवेच्या तापमानाजवळ असला पाहिजे. तिथे उणे 40 अंश दिसत असेल तर सेन्सरची तार तुटली आहे, आणि कडाक्याची थंडी आहे अशा समजुतीने ईसीयू इंजिनात भरमसाट पेट्रोल ओततो.

ठिणगी

कॉइलचा जोड काढून प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. आधुनिक कॉइल 20 ते 40 हजार व्होल्ट निर्माण करतात. त्या दाबाला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा तिचा ड्रायव्हर जळू शकतो, शिवाय तुम्हाला जबर धक्का बसू शकतो. कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा स्पार्क टेस्टर वापरावा. एका सिलिंडरवर ठिणगी नसेल तर बहुधा कॉइल वाईट. एकाही सिलिंडरवर नसेल तर सगळ्या कॉइल एकदम गेल्या असे मानू नये. त्या सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट शोधावी: वीजपुरवठा, अर्थिंग, क्रँक सेन्सर किंवा इमोबिलायझर. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग असलेल्या, गाड्यांत त्याच्या टोपीतला ओलावा आणि रोटरवरची चीर पाहावी. 1992 ते 1996 च्या एलटी1 इंजिनाच्या कोर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या खालीच बसवलेला आहे. पंप गळू लागला की कूलंट थेट त्यावर येतो, त्यामुळे तिथे ठिणगी नसल्यास आधी पंपाची गळती पाहावी.

इंधन

चावी ऑन केल्यावर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. टाकीजवळ कान लावून ऐकावे. काही अपवाद लक्षात ठेवावेत. पहिल्या पिढीच्या 1.6 लिटर एमएक्स-5 मध्ये पंप नुसत्या चावीने चालू होत नाही. सेल्फ लागल्यावर, आणि इंजिन पेटल्यावर एअरफ्लो मीटरची झडप उघडल्यावर तो चालतो, आणि निदानाच्या सॉकेटात ठरलेल्या दोन पिना जोडून तो थेट चालवूनही पाहता येतो. दुसरीकडे काही नव्या गाड्यांत दार उघडताच पंप दाब भरून ठेवतो आणि चावीच्या वेळी काहीच ऐकू येत नाही.

पंपाचा आवाज म्हणजे दाब नव्हे. फिल्टर तुंबलेला असेल, टाकीत पंपाजवळची रबरी नळी फाटली असेल किंवा पेट्रोल तळाला गेले असेल, तरी पंप वाजतच राहतो. इंधनाच्या काट्यावरही फार विसंबू नये, विशेषतः गाडी उतारावर उभी असेल तेव्हा. रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीवर, दाब मोजण्याची सोय असेल तर गेज लावावा: साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये साधारण 3 ते 4 बार अपेक्षित असतो, कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत उच्च दाबाची बाजू कधीही पान्याने सैल करू नये. तिथला दाब स्कॅनरवरच वाचावा. दाब आहे पण इंजेक्टर उघडत नाहीत अशी शंका असल्यास त्यांच्या जोडात तपासणीचा छोटा दिवा लावून तो सेल्फवर लुकलुकतो का ते पाहावे.

पेट्रोल स्वतःही दोषी असू शकते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि सहा महिने पडून राहिल्यावर त्याचा हलका, चटकन उडणारा अंश बराच गेलेला असतो. थंड इंजिन पेटायला नेमका तोच लागतो. थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहावे. ते गडद झाले असेल, त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल किंवा तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसत असेल, तर टाकी रिकामी करून ताजे भरावे. वरून थोडे ताजे ओतून भागत नाही.

ठिणगी आहे आणि इंधनाबद्दल शंका आहे, तर एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, स्टार्टिंग स्प्रेचा एक छोटा फवारा मारून सेल्फ मारावा. इंजिन दोन सेकंद पेटून थांबले तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक आहेत आणि दोष इंधनाकडे आहे, हे पक्के झाले. फवारा मारल्यावर चेहरा इनटेकवर आणू नये, कारण ज्वाला उलट फिरू शकते.

पेट्रोल ओव्हर झाले असेल तर

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे प्रकरण फार वेळा घडते, आणि ते मालकाच्या काळजीपोटीच घडते. गाडी धुण्यासाठी ती थंड असतानाच सुरू करून चार हात पुढे घेतली जाते आणि लगेच बंद केली जाते. थंड इंजिनाला ईसीयूने भरपूर पेट्रोल दिलेले असते; ते जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते आणि प्लग भिजवते. पुढच्या वेळी सेल्फ मारला की इंजिन कॉम्प्रेशन नसल्यासारखे हलके फिरते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की टायमिंग बेल्ट गेला. रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या) माझ्दा आरएक्स-8 ची तर यासाठी ख्यातीच आहे. म्हणून आवाज हलका असेल तेव्हा गाडी शेवटची कशी बंद केली होती हे आधी आठवावे. चालता चालता बंद पडली असेल तर बेल्टचा संशय, आणि दोन मिनिटांत बंद केली असेल तर पेट्रोलचा.

उपाय असा: बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू इंधन बंद करतो आणि नुसती हवा आत जाते. 10 सेकंदांचे दोन-तीन प्रयत्न करून पाहावेत. तेवढ्याने नाही झाले तर पंपाचा फ्यूज आणि प्लग काढावेत, कॉइलचे जोड सोडवावेत, इंजिन फिरवून आतले पेट्रोल उडवून लावावे, प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे 5 मिली, इंजिन ऑइल सोडावे आणि कोरडे किंवा नवे प्लग बसवावेत. तेल जास्त घालू नये. ते दाबले जात नाही आणि इंजिनाला इजा करू शकते.

इतके करूनही ठेका परत आला नाही तर कॉम्प्रेशन गेजने मोजावे: इंधन आणि इग्निशन बंद, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. सुस्थितीतले पिस्टनचे इंजिन सहसा 10 बारच्या वर असते आणि सिलिंडरांत 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसतो. सगळीकडे सारखेच कमी असेल तर टायमिंग तपासावे. कॉम्प्रेशन, ठिणगी, इंधन सगळे ठीक निघाले आणि तरी इंजिन पेटत नसेल, तर एअर फिल्टरच्या पेटीत आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी उंदराचे घरटे आहे का ते पाहावे; उभ्या गाडीत तेही सापडते.

इंजिन सुरू झाल्यावर ते लगेच बंद करू नये. पूर्ण गरम होईपर्यंत, कूलंटचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत चालू द्यावे. नंतर डिपस्टिक काढून तिचा वास घ्यावा; तेलाला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आधीपेक्षा वर गेली असेल, तर गाडी रस्त्यावर नेण्याआधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावा.